टर्मिनलच्या कोडला हात लावण्याआधी

ग्नोम टर्मिनलसारख्या टर्मिनलच्या कोडमध्ये बदल करायचा तर कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट, बिल्ड करणारे मेसन आणि निंजा, वेगळी ब्रँच, हे सांगायला नको. उबुंटू किंवा डेबियनवर सोर्सची रिपॉझिटरी चालू करून ॲप्टचा बिल्ड-डेप चालवला की व्हीटीई २.९१ ला (टर्मिनलचं खरं काम करणारी लायब्ररी) लागणारं जवळपास सगळं एकदम उतरतं. एकेक हेडर शोधत बसू नका. व्हीटीईला बऱ्यापैकी नवा सी प्लस प्लस कंपायलर लागतो, लॅबमधल्या जुन्या मशीनवर तो नसतो. रविवारी चौघं मिळून नाशिकला कॉलेज रोडला कुणाच्या खोलीवर बसणार असाल, तर हे सगळं आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चौघांचं भागत नाही.

आता मुद्द्याचं. समोर उघडलेली खिडकी तुम्ही बिल्ड केलेल्या कोडचीच आहे ना? ग्नोम टर्मिनल म्हणजे एक छोटा क्लायंट आणि मागे चालणारा ग्नोम-टर्मिनल-सर्व्हर. बिल्ड फोल्डरमधून नवा क्लायंट चालवला तरी तो डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) आधीच्या, सिस्टिमच्या सर्व्हरलाच सांगतो की खिडकी उघड. खिडकी उघडते, सगळं छान दिसतं, फक्त त्यात तुमच्या बदलाची एक ओळही नसते. मग 'बग गेलाच नाही' म्हणून भलत्याच ठिकाणी खोदकाम सुरू होतं. उपाय असा: आधी बिल्ड फोल्डरमधला सर्व्हर ॲप-आयडी हा पर्याय देऊन वेगळ्या नावाने सुरू करा, मग क्लायंटलाही तोच ॲप-आयडी द्या. कॉन्सोलला सेपरेट आणि एक्सएफसीईच्या टर्मिनलला डिसेबल-सर्व्हर हे पर्याय त्याचसाठी आहेत.

एवढ्याने भागत नाही. एस्केप सीक्वेन्स (रंग, कर्सर वगैरेचे छुपे हुकूम) वाचणं, अक्षरं काढणं, स्क्रोलबॅक (वर सरकून गेलेल्या ओळी) हे सगळं व्हीटीई लायब्ररीत असतं, ग्नोम टर्मिनल नुसतं वरचं आवरण. लायब्ररी बदललीत आणि सर्व्हरने यूएसआरमधली जुनीच उचलली, तर पुन्हा तेच. लायब्ररी आधी कुठे शोधायची ते सांगणारं एलडी-लायब्ररी-पाथ क्लायंटला देऊन उपयोग शून्य, कारण डी-बसने उठवलेल्या सर्व्हरला तुमच्या शेलचं एन्व्हायर्नमेंट मिळतच नाही. हा पाथ सर्व्हर सुरू करतानाच द्या. आणि खात्री अंदाजाने करू नका: सर्व्हरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या, प्रॉकमधली त्याची मॅप्स फाइल (त्याने कोणत्या लायब्ररी उचलल्यात त्याची यादी) उघडा, त्यात व्हीटीई शोधा. पाथ तुमच्या बिल्ड फोल्डरचा हवा. पाथपुढे 'डिलीटेड' दिसलं, तर तुम्ही नंतर पुन्हा बिल्ड केलंय आणि सर्व्हर अजून जुनी प्रत धरून बसलाय. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करा, सर्व्हर नव्याने उठवा, पुन्हा मॅप्स बघा. दर बिल्डनंतर. हो, दर वेळी. व्हीटीई-व्हर्जन या व्हेरिएबलवर विसंबू नका. आवृत्तीचा आकडा तुम्ही बदललेला नसेल तर ते जुन्या-नव्याला सारखंच उत्तर देणार. बदल फक्त लायब्ररीत असेल तर व्हीटीईसोबत बनणारं छोटं चाचणी-ॲपच चालवा, सर्व्हरची भानगडच नको. मॅप्स तिथेही बघाच.

सुडो लावून इन्स्टॉल करू नका. यूएसआर-लोकलमधली लायब्ररी उबुंटूवर सिस्टिमच्या आधी उचलली जाते. ती कोसळणारी निघाली की व्हीटीईवरचं प्रत्येक टर्मिनल कोसळतं आणि दुरुस्तीची कमांड द्यायला टर्मिनलच उरत नाही. टिलिक्स, टर्मिनेटर, ग्वाके हे राखीव नव्हेत, तेही व्हीटीईवरच. एक्सटर्म टाकून ठेवा. तेही नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून नुसत्या मजकुराचं कन्सोल गाठा. डीकॉन्फमधून (ग्नोमच्या सेटिंग्जचा साठा) टर्मिनलच्या सेटिंग्जचा डंप आधी घ्या, ॲप-आयडी वेगळा असला तरी प्रोफाइल तीच वापरली जातात. नवी सेटिंग घातली असेल तर स्कीमा (सेटिंग्जची व्याख्या) कंपाइल करून तिचं फोल्डर जीसेटिंग्ज-स्कीमा-डिर या व्हेरिएबलमध्ये द्या, नाहीतर प्रोग्राम सुरू होतानाच ॲबॉर्ट होतो.

देवनागरीची चाचणी आपण नाही करायची तर कोण करणार? 'नमस्ते' लिहून समाधान मानू नका. 'त्र्यंबकेश्वर' घ्या: १३ कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये ३९ बाइट. हलन्त, अनुस्वार आणि एकाराची मात्रा शून्य रुंदीची धरली तर पडद्यावर ८ घरं (एकेका अक्षराच्या जागा). ओळीच्या सुरुवातीला तो शब्द छापा आणि कर्सरची जागा विचारणारा सीक्वेन्स पाठवा, उत्तरात स्तंभ ९ यायला हवा. जोडाक्षराचा समूह धरून मोजणारं टर्मिनल वेगळा आकडा देईल, ते ठरवून केलेलं असेल तर ठीक. खरी मारामारी 'गोदावरी'त. त्यातला ओकार, काना आणि दीर्घ वेलांटी जागा घेणारी चिन्हं आहेत. रुंदीचे काही तक्ते त्यांना एक घर देतात, काही शून्य, म्हणून तोच शब्द कुठे ७ घरांचा, कुठे ४. बॅश हे शेल लिबसी या सिस्टिमच्या सी लायब्ररीचा तक्ता वापरतं. तुमचा त्याच्याशी जुळला नाही तर बॅकस्पेस मारल्यावर ओळीत कचरा उरतो. 'नाशिक'मधली ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी दिसायला हवी. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर तुम्ही व्यंजन आणि वेलांटी शेपिंगला (अक्षरं जोडून आकार देणारा टप्पा) वेगवेगळी पाठवताय. 'दऱ्या' दोन्ही पद्धतींनी लिहून बघा: ऱ आणि हलन्त, तसंच र, हलन्त आणि झिरो-विड्थ-जॉइनर. जॉइनर गिळणारा कोड इथे पकडला जातो. फॉन्ट कोणता लागलाय ते एफसी-मॅचला विचारा. आयबस या टायपिंगच्या सोयीवरून इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करूनही बघा. आणि हे सगळं टीमक्सच्या (टर्मिनलच्या आतलं टर्मिनल) बाहेर. आत केलंत तर चाचणी टीमक्सची होते.

टर्म व्हेरिएबलला (टर्मिनल कोणतं ते प्रोग्रामला सांगणारं) नवं नाव देण्याची हौस नको. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या एखाद्या कारखान्यातल्या कंट्रोलरवर एसएसएच केलं की तिथे टर्मिन्फोच्या (कोणत्या टर्मिनलला काय जमतं त्याची यादी) मोजक्याच नोंदी सापडतात. अनोळखी नाव दिसलं की एनकर्सेसचा (टर्मिनलभर स्क्रीन मांडणारा) प्रोग्राम उघडतच नाही. एक्सटर्म-२५६कलर राहू द्या.

स्क्रोलबॅक अमर्याद ठेवून आउटपुटचा पूर सोडणार असाल तर टेम्पमधली जागा बघा. व्हीटीई तिथे फाइल उघडून लगेच तिचं नाव काढून टाकतं, त्यामुळे एलएसला काही दिसत नाही आणि डिस्क मात्र भरते. टेम्प रॅममध्ये असेल तर मशीनच गळपटतं. उघड्या फाइल दाखवणाऱ्या एलएसओएफला नाव नसलेल्या फाइल विचारा.

वेग मोजायचा तर रिलीज बिल्डवर. टर्मिनलची परीक्षा घेणारं व्हीटीटेस्ट चालवा. खिडकी लहान-मोठी करताना व्हिम आणि लेस दोन्ही उघडे हवेत. वेलँड आणि एक्स११ या दोन्ही डिस्प्ले पद्धतींवर बघा. लाइट जाण्याआधी कमिट.

पॅच पाठवताना एका कमिटमध्ये एकच बदल. आधीचा-नंतरचा स्क्रीनशॉट, फॉन्टचं नाव, वेलँड की एक्स११ हे लिहा. नंतरचा स्क्रीनशॉट घेण्याआधी मॅप्स बघितली का? बघा. मग डीकॉन्फचा डंप परत लोड करा.