प्रक्षेप्य गतीची उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

अकरावीच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रक्षेप्य गतीच्या, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूच्या गतीच्या, प्रकरणात त्याच त्या चुका दरवर्षी समोर येतात, आणि त्यांतील बहुतेक चुका गणित न आल्यामुळे नव्हे, तर उदाहरण पुरते वाचण्याआधीच सूत्र शोधण्याच्या घाईमुळे होतात.

सर्वाधिक गुण पल्ल्याच्या, म्हणजे फेकलेली वस्तू किती आडव्या अंतरावर पडते त्याच्या, सूत्रापायी जातात. वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाचे साइन भागिले गुरुत्वत्वरण, हे सूत्र फेकण्याची आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असेल तरच लागू पडते. मुले सूत्र पाठ करतात, अट करत नाहीत. जळगावात सीईटीच्या एका सराव चाचणीत मी विचारले होते की, १५ मीटर उंच जलकुंभाच्या माथ्यावरून सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३०° कोन करून वरच्या दिशेने फेकलेला दगड पायथ्यापासून किती दूर पडेल (गुरुत्वत्वरण १० घ्यावे). बऱ्याच जणांनी लगेच ३४.६ मीटरवर खूण केली. चोपड्याकडचा एक मुलगा तर वाद घालू लागला, "सर, पर्यायमा उत्तर शे ना!" उत्तर पर्यायांत होते, कारण ही चूक होणार हे ठाऊक असल्यामुळेच मी ते तिथे ठेवले होते. ३४.६ मीटर अंतरावर दगड नुकता जलकुंभाच्या माथ्याइतक्या उंचीवर परत आलेला असतो. जमीन अजून १५ मीटर खाली असते.

त्याला फळ्याजवळ बोलावून मी फक्त उभी गती मांडायला सांगितली. वेगाचा उभा घटक १०, आडवा १७.३. वरची दिशा धन मानून आणि काळासाठी 'क' घेऊन −१५ = १०क − ५क², म्हणून क = ३ सेकंद आणि अंतर सुमारे ५२ मीटर. त्याच वेळी एका मुलीने सगळ्याच राशी धन घेऊन १५ = १०क + ५क² असे लिहिले आणि तिला १ सेकंद व १७.३ मीटर मिळाले. ही चूक अधिक घातक आहे, कारण हे उत्तर कुठेही विसंगत दिसत नाही. दगड तेवढ्याच वेगाने ३०° खालच्या दिशेने फेकला असता, तर तेच बरोबर ठरले असते. म्हणून मी उदाहरणाची दुसरी ओळ वाचण्याआधीच कागदावर वर जाणारा बाण काढून त्याच्याजवळ अधिक चिन्ह लिहितो आणि ते शेवटपर्यंत बदलत नाही.

सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, असे लिहू नये. शून्य होतो तो उभा घटक, आडवा १७.३ तसाच राहतो आणि त्वरणही १०च असते. उभी आणि आडवी गती परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केले. तरीही आडव्या अंतराच्या समीकरणात गुरुत्वत्वरण घालणारे आजही भेटतात. कोन उभ्या रेषेशी दिला असेल, तर साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल होते. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते आधी पाहावे. रेडियनवर साइन ३० चे उत्तर −०.९८८ येते.

सर्वांत लांब पल्ला ४५° कोनालाच मिळतो, हे पाठांतरही सपाट जमिनीपुरतेच खरे आहे. याच जलकुंभावरून ४५° कोनात फेकलेला दगड सुमारे ५१.६ मीटरवर, म्हणजे ३०° कोनातल्या दगडापेक्षाही अलीकडे पडतो. सर्वांत दूर, सुमारे ५२.९ मीटरवर, जातो तो ३७° च्या आसपास फेकलेला.