लपवून बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

लायसन्स हातात पडलं की आपल्याकडचा माणूस दुसऱ्याच दिवशी शस्त्राच्या दुकानात जातो, काचेतलं सगळ्यात छोटं नाहीतर सगळ्यात चकचकीत जे दिसेल ते उचलतो, 'हेच द्या शेठ' म्हणतो, अन् मग ते वर्षभर कपाटात पडून राहतं. कारण अंगावर वागवायचं कसं याचा विचारच केलेला नसतो. रावेर-सावद्याचे केळीवाले, जिनिंगवाले, जळगावचे सराफ, रोकड घेऊन रात्रीबेरात्री फिरणारे बरेच जण याच रांगेत. माझ्या मते क्रम उलटा पाहिजे भो, आधी तुमचे कपडे, मग होल्स्टर म्हणजे हत्यार ठेवायचं म्यान, रिव्हॉल्व्हर सगळ्यात शेवटी.

आणि लपवणं ही हौस नाही, नियमच आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली अन् तुमच्या ताब्यात पाहिजे. म्हणजे लग्नात शर्ट वर करून मूठ दाखवायची सवय असेल तर ती नुसती फुशारकी नाही, नियम मोडणं आहे. वरातीत बार काढणं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता कपडे. खेड्यातला निम्मा गाव लेंगा घालतो अन् लेंग्याला बेल्ट नसतो, नाडी असते. सातशे ग्रॅमचं लोखंड नाडीवर लटकवलं की चार पावलात लेंगा एका बाजूने खाली, मग हात सारखा कमरेवर, अन् तो हात बघूनच समोरच्याला कळतं की नानांकडे काहीतरी आहे. काही जण शिंप्याकडून बंडीला आतून खिसा शिवून घेतात, पैशाला ती सोय झकास, पण रिव्हॉल्व्हर त्या मऊ खिशात आडवं होतं, नळी कधी काखेकडे कधी पोटाकडे, अन् ट्रिगरवर कापडाशिवाय काहीच झाकण नाही. लेंगाच घालायचा असेल तर आतून पोटावर बांधायचा रुंद कडक पट्टा घ्या, ज्यात ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला जाईल. पँटवाल्यांनी जाड बेल्ट घ्यावा, फॅशनचा पातळ बेल्ट पिळवटतो. खिशात ठेवायचं असेल तर पॉकेट होल्स्टर लागतंच अन् त्या खिशात दुसरं काही नाही, म्हणजे काहीच नाही. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, किल्ल्या, सगळं दुसरीकडे. जिनिंगवाल्यांच्या खिशातून सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या) फटीत रुईचे धागे अडकलेले असतात, ते तेलात भिजून चिकट बसतात, अन् मग सिलिंडर जड का फिरतं म्हणून दुकानदाराला शिव्या.

वजनाची चूक दोन्ही बाजूंनी होते. लायसन्सवाल्यांच्या बोलण्यात मुख्यतः .३२ बोअर (नळीचं माप) असतो, ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, तो प्रोहिबिटेड म्हणजे मनाई असलेला बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुन्या घडणीचं .३२ रिव्हॉल्व्हर साधारण सातशे ग्रॅम. २०१४ मध्ये आलेलं निर्भीक टायटॅनियम अलॉयचं, पाचशेच्या आसपास. २०२३ चं प्रबल सातशेच्या आसपास, नळी ७६ मिलिमीटर, अन् त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. ईशापूरचं निडर तर अडीचशे ग्रॅमचं, पण ते .२२ चं. आकडे ऐकून सगळे निडरकडे धावतात, पण .२२ रिमफायरची (जिच्या बुडाच्या कडेवर मार बसतो, सेंटरफायरमध्ये मधोमध) ताकद .३२ पेक्षा कमी अन् रिमफायर गोळी न फुटण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा जास्त. उलट जडवाल्याचं असं की तो पंधरा दिवस बाळगतो अन् सोळाव्या दिवशी गाडीच्या डॅशबोर्डात टाकतो, जे सगळ्यात वाईट, काच फोडून नेलं तर चोरापेक्षा जास्त उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. तास-दोन तास रोज अंगावर राहील असं वजन निवडा. माझं मत विचाराल तर .३२ मधलं हलकं.

दुकानात ट्रिगर ओढून बघायला लोक लाजतात. का ते कळत नाही, बैल घेताना दात बघतोच ना आपण. आधी दोनदा रिकामं आहे याची खात्री, मग दुकानदाराला विचारून सुरक्षित दिशेला डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे मागचा घोडा (हॅमर) हाताने न चढवता, सहा वेळा सलग ओढा. चौथ्या-पाचव्याला नळी डगमगायला लागली किंवा बोट अर्ध्यात थांबलं तर हे हत्यार तुमच्या हाताचं नाही. .२२ चं असेल तर रिकामा हॅमर मारू नका, फायरिंग पिन चेंबरच्या (गोळी बसते त्या भोकाच्या) कडेवर आपटते. सेकंड-हँड घेताना ट्रिगर मागे दाबून धरा अन् सिलिंडर हलवून बघा, किंचित खेळ चालतो, खडखडलं तर सोडून द्या. अन् जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरखालचं चेंबर रिकामंच ठेवा.

ट्रिगर जड वाटला म्हणून स्प्रिंग कापून आणणारे अन् हॅमरचा मागचा काटा शर्टात अडकतो म्हणून लेथवाल्याकडून घासून आणणारेही आहेत. असलं करू नका, हॅमरची मार कमी पडली की गोळी फुटत नाही, आणि हत्यारात परस्पर बदल करणं कायद्याच्याही अंगाशी येतं. काढताना अंगठा काट्यावर ठेवला की तो अडकत नाही, एवढंच तर आहे.

मे महिन्यातला भुसावळचा घाम दोन दिवसात काळ्या पॉलिशवर तांबूस डाग पाडतो. घरी आलं की पुसायचं, तेलाचा अगदी पातळ हात, अन् ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमधून काढून ठेवायचं, चामडं ओल धरतं. खोबरेल लावू नका, ते घट्ट होऊन बसतं. तेल गोळ्यांवर सांडू देऊ नका, प्रायमरमध्ये (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात) मुरलं तर गोळी गेली.

बॉर्डरचं लोक विसरतात. लायसन्स महाराष्ट्रापुरतं असेल तर रावेरहून बऱ्हाणपूर किंवा शिरपूरहून सेंधवा हे आपल्यासाठी शेजारचं गाव असलं तरी कायद्यासाठी दुसरं राज्य आहे, एरिया वाढवून घेतल्याशिवाय तिकडे नेऊ नका. आणि उमर्टीकडचा गावठी कट्टा स्वस्तात मिळतो म्हणणाऱ्याला सांगा, 'बाप्पा, हाई खेळनं नही शे', थेट जेल, वर नळी हातातच फुटायची भीती.

राहिलं चालवताना अडलं तर काय. वरून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये अर्धवट उघडलं की एखादी रिकामी केस (उडालेल्या गोळीचं टरफल) एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे केसा बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली सरकते अन् ते ना उघडतं ना मिटतं, म्हणून झटक्यात पूर्ण उघडायचं. बाजूला उघडणाऱ्यात चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण बसले तर सिलिंडर घासतं, जुन्या टूथब्रशने साफ करा. ट्रिगर ओढला अन् काहीच झालं नाही तर सरावाच्या जागी नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, उशिरा फुटू शकते. पण आवाज 'फुस्स' आला अन् हाताला धक्काच बसला नाही तर लगेच थांबायचं, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारली तर नळीच फाटेल. ओल लागलेल्या, डब्यात दहा वर्षं पडलेल्या खडकीच्या .३२ गोळ्यांबाबत हे जास्त होतं, हिरवट डाग दिसला की ती गोळी दुकानदाराकडे द्या. हत्यार पूर्ण रिकामं करून, सिलिंडर उघडं ठेवून, मागून नळीत बघा, आरपार उजेड दिसला तरच पुढचं, नाहीतर तसंच उघडं गनस्मिथकडे, म्हणजे हत्यार दुरुस्त करणाऱ्याकडे.