जीमेलची ‘पॉप’ जोडणी बंद होताना जुन्या पत्त्यावरची मेल कशी सांभाळावी

दवाखाने, छोटे कारखानदार, वकील, गृहनिर्माण संस्थांचे सचिव अशा कित्येकांचा व्यवहारातला ईमेल पत्ता स्वतःच्या डोमेनचा (म्हणजे @ नंतर स्वतःचेच नाव असलेला) किंवा एखाद्या जुन्या सेवेचा असतो, पण त्यावर येणारी मेल ते वाचतात मात्र जीमेलमध्ये. ही जोडणी बहुधा कोणी जाणकाराने वर्षांपूर्वी एकदाच करून दिलेली असते आणि ती अस्तित्वात आहे याचाही पुढे विसर पडतो. तिच्यामागे ‘पॉप’ नावाची पद्धत काम करते: जीमेल ठरावीक अंतराने दुसऱ्या सर्व्हरवर जाते, आपला साठवलेला पासवर्ड दाखवते आणि तिथली नवी मेल उचलून आणते. गूगलने जाहीर केल्यानुसार २०२६ पासून ही उचल आणि तिच्या जोडीची ‘जीमेलिफाय’ ही सोय (दुसऱ्या सेवेच्या पत्त्याला जीमेलच्या सुविधा देणारी) बंद होत आहे.

यातला खरा धोका नीट समजून घ्यावा. उचल थांबल्यावर पाठवणाऱ्याला मेल परत जात नाही. त्याच्या दृष्टीने ती पोहोचलेली असते, आणि एका अर्थाने ती पोहोचलेलीच असते, कारण मूळ सर्व्हरवरच्या पेटीत ती व्यवस्थित पडलेली असते. फक्त ती पेटी आता कोणी उघडत नाही. पेटी भरून गेली की मगच मेल परत जाऊ लागतात, तोवर कधी कधी महिने गेलेले असतात. एका संस्थेचे काम पाहत असताना मी मूळ पेटीचा पासवर्ड बदलला आणि जीमेलमध्ये तो बदलायचा राहिला. तीन आठवडे एकही पत्र आले नाही, आणि सुटीचे दिवस आहेत म्हणून पत्रव्यवहार मंदावला असेल असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. म्हणून पुढची सगळी कामे मेल येणे थांबायची वाट न पाहता, जोडणी चालू असतानाच करावीत.

आपल्याला हे लागू आहे का?

संगणकावर जीमेल उघडून वरच्या दातेरी चक्रावर क्लिक करावे, ‘सी ऑल सेटिंग्ज’ निवडावे आणि ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ या विभागात जावे. तिथे ‘चेक मेल फ्रॉम अदर अकाउंट्स’ या ओळीसमोर एखादा पत्ता दिसत असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. फोनवरच्या ॲपमध्ये ही ओळ दिसत नाही, त्यामुळे संगणकावरच पाहावे. शेजारच्या ‘फॉरवर्डिंग अँड पॉप’ या विभागाशी मात्र याची गल्लत करू नये. जीमेलची स्वतःची मेल थंडरबर्ड किंवा आउटलुक अशा मेल वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेण्याची सोय तिथे असते आणि या घोषणेचा तिच्याशी संबंध नाही.

मूळ पेटी उघडा

दुसरे काम साधे वाटते, पण बहुतेकांचे घोडे इथेच अडते: मूळ पत्त्याच्या वेबमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या पेटीत, थेट लॉग-इन करावे. पासवर्ड इतकी वर्षे जीमेलमध्येच साठवलेला असल्याने तो कोणालाच आठवत नसतो, आणि जीमेल तो दाखवत नाही. तो विसरला असल्यास डोमेनची होस्टिंग सेवा (ज्या सेवेच्या सर्व्हरवर त्याची मेल राहते ती) ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडून नवा घ्यावा. मात्र नवा पासवर्ड मिळताच जुनी उचल थांबेल हे ध्यानात ठेवून तो जीमेलमध्येही लगेच बदलावा.

आत गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पेटीला किती जागा दिलेली आहे आणि त्यातली किती भरली आहे, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: जुनी मेल तिथे आहे की पेटी जवळजवळ रिकामी आहे? पॉपचा आराखडा १९८४ सालचा आहे आणि आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ची. टेलिफोनच्या तारेवरून थोडा वेळ जोडून घ्यायचे, मेल उतरवायची, सर्व्हरवरून पुसायची आणि तार सोडायची, असा त्या काळचा व्यवहार होता. पोस्टातली पत्रे पिशवीत भरून घरी आणावीत, तसे. त्यामुळे उचललेल्या मेलची प्रत सर्व्हरवर ठेवण्याचा पर्याय जोडणी करताना निवडलेला नसेल, तर मूळ पेटीत काहीच उरलेले नसते आणि आपल्या सगळ्या जुन्या पत्रव्यवहाराची एकमेव प्रत जीमेलमध्ये असते.

ती तिथे सुरक्षित आहे. आधी उचलून आणलेली मेल जीमेलमधून काढली जाणार नाही. तरीही एकमेव प्रतीवर विसंबून राहू नये. ‘गूगल टेकआउट’ या आपला साठा उतरवून घेण्याच्या सेवेत जाऊन फक्त मेल निवडावी, शक्य असल्यास त्या पत्त्याचे लेबल तेवढे निवडावे, आणि मिळणारी ‘एमबॉक्स’ फाइल संगणकाबाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

पुढचा मार्ग कोणता?

मुख्य मार्ग दोन आहेत. मेल जीमेलमध्येच वाचायची असेल, तर मूळ सर्व्हरवरून ती आपोआप पुढे पाठवण्याची, म्हणजे फॉरवर्डिंगची, व्यवस्था करावी. दोन्ही पेट्या वेगळ्या ठेवून एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर ‘आयमॅप’ ही मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत वापरावी. कामकाजाच्या पत्त्यासाठी मी आयमॅपच सुचवेन, आणि त्याचे कारण फॉरवर्डिंगच्या एका दुखण्यात आहे.

बहुतेक डोमेन आपली मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकते याची यादी जाहीर करतात. तिला ‘एसपीएफ’ म्हणतात. समजा, एखाद्या कंपनीने आपल्याला मेल पाठवली आणि आपल्या होस्टिंगने ती जीमेलकडे वळवली. जीमेलच्या दारात ती येते आपल्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून, आणि तो सर्व्हर त्या कंपनीच्या यादीत नसतो. मेलवर ‘डीकेआयएम’ची, म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल, सही असेल आणि वाटेत मजकूर बदलला नसेल, तर ती सहसा निभावून जाते, नाहीतर स्पॅममध्ये पडते किंवा नाकारली जाते. शिवाय मूळ पत्त्यावर येणारा कचराही होस्टिंगचा सर्व्हर पुढे ढकलत असतो आणि त्यामुळे जीमेलच्या नजरेत त्या सर्व्हरची पत घसरते.

फॉरवर्डिंगच करायचे ठरले, तर होस्टिंगच्या नियंत्रण पटलावर, उदाहरणार्थ सीपॅनेलमधल्या ‘फॉरवर्डर्स’ या ठिकाणी, आपला जीमेलचा पत्ता द्यावा आणि मूळ पेटीही चालूच ठेवावी, म्हणजे प्रत तिथे राहील. नंतर जीमेलमध्ये एक फिल्टर करावा: जुन्या पत्त्याच्या नावे आलेल्या मेलला वेगळे लेबल लावावे आणि ती कधीही स्पॅममध्ये टाकू नये असा पर्याय निवडावा. पहिले काही आठवडे स्पॅमची पेटी रोज पाहावी.

आयमॅपची जोडणी

आयमॅपची सुरुवात १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी केली. यात मेल सर्व्हरवरच राहते आणि फोन, संगणक, वेबमेल या सर्वांतून तीच एक पेटी दिसते. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये ‘ॲड अनदर अकाउंट’ निवडून ‘अदर’वर जावे, पूर्ण पत्ता लिहावा आणि आयमॅप निवडावे. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) ९९३, जाणाऱ्या मेलसाठी ४६५ किंवा ५८७, वापरकर्त्याचे नाव म्हणून बहुधा संपूर्ण ईमेल पत्ता. सर्व्हरचे नाव होस्टिंग सेवेच्या मदतपानावर मिळते. सुरक्षित जोडणीचा पर्याय बंद ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये, कारण त्या स्थितीत पासवर्ड उघडा प्रवास करतो. संगणकावर थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम हेच काम करतो.

पॉपची सवय असलेल्यांनी एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. पॉपमध्ये आपल्या प्रतीतून मेल पुसली तरी सर्व्हरवरची प्रत, ठेवलेली असल्यास, शिल्लक राहत असे. आयमॅपमध्ये फोनवर पुसलेली मेल सर्वत्र पुसली जाते. फोनची जागा मोकळी करायची म्हणून घरातल्या कोणी हजारभर जुनी मेल निवडून काढून टाकली, तर कार्यालयातल्या संगणकावरूनही ती जाईल. ज्या पेटीवर अनेकांचे हात असतात, तिथे हे आधीच सर्वांना सांगून ठेवावे.

थंडरबर्डमध्ये त्याच पत्त्याचे पॉप खाते आधीपासून असेल, तर ते आयमॅपमध्ये बदलता येत नाही. आयमॅपचे नवे खाते शेजारी जोडावे लागते. जुन्या खात्यातली मेल संगणकावरच असते. हवी तेवढी मेल निवडून नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करावी, एका वेळी काही शेच, आणि प्रत्येक खेपेनंतर वेबमेलमध्ये संख्या जुळते का ते पाहावे. हे होईपर्यंत जुने पॉप खाते काढू नये. खाते काढताना संदेशांचा साठा पुसण्याचा पर्याय समोर येतो आणि घाईत तो निवडला जातो.

मेल पाठवणे आणि तपासणी

जुन्या पत्त्याच्या नावाने जीमेलमधून मेल पाठवण्याची सोय, ‘सेंड मेल ॲज’, ही पॉपवर चालत नाही. तिचा मार्ग एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीचा, आहे. मात्र तिच्यातही पासवर्ड साठवलेला असतो, तेव्हा मूळ पासवर्ड बदलला असेल तर तो तिथेही बदलावा.

तपासणीसाठी मेल तिसऱ्याच पत्त्यावरून पाठवावी. ज्या जीमेलमध्ये मेल वळवली आहे, त्याच जीमेलमधून चाचणी केली तर फिरून आलेली आपलीच मेल जीमेल दुसऱ्यांदा दाखवत नाही, आणि व्यवस्था चालू असूनही बंद असल्याचा भास होतो. एक साधी मेल, एक मोठ्या जोडपत्राची आणि एक आपण पाठवलेल्या उत्तराची अशा तीन चाचण्या पुरेत. आलेल्या मेलवर तीन ठिपक्यांमधून ‘शो ओरिजिनल’ निवडले की एसपीएफ आणि डीकेआयएम यांचे निकाल वरच दिसतात.

हे सारे जुळल्यावरच ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये परत जाऊन जुना पत्ता काढून टाकावा. पुढचा महिनाभर आठवड्यातून एकदा मूळ वेबमेल उघडून तिथली शेवटची मेल आणि आपल्यासमोर आलेली शेवटची मेल एकच आहे का, एवढे ताडून पाहावे, आणि नवा पासवर्ड संस्थेच्या कागदपत्रांत किंवा घरातल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे नोंदवून ठेवावा.