सराफ्यात जाण्याआधी: सोनं, चांदी आणि सोन्याचं पाणी कसं पारखावं

इंदूरच्या बडा सराफ्यातून निघून राजवाड्याभोवतीच्या बांगड्यांच्या दुकानांपर्यंत या. एवढ्या टप्प्यात पिवळ्या दागिन्यांचे चार प्रकार हाती येतात: बावीस कॅरट सोनं, अठरा कॅरट सोनं, चांदीवर सोन्याचा मुलामा आणि पितळेवर सोन्याचं पाणी. दुकानातल्या दिव्याखाली चारही सारखेच झळकतात. म्हणून रंगावर जाऊ नका, तीन गोष्टी विचारा. आतला धातू कोणता? वरचा थर किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)? आणि हे पावतीवर लिहून मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार घुटमळला, तर पहिल्या दोन उत्तरांवर विसंबू नका.

सोनं: आकडे आणि शिक्के

शुद्ध सोनं म्हणजे २४ कॅरट. ते इतकं मऊ असतं की रोजच्या वापराचा दागिना त्यात टिकत नाही, म्हणून तांबं आणि चांदी मिसळतात. २२ कॅरटमध्ये २४ पैकी २२ भाग सोनं, म्हणजे हजारात ९१६. १८ कॅरटला ७५०, १४ कॅरटला ५८५. तांबं जास्त पडलं की लालसर झाक येते, चांदी जास्त पडली की फिकट, किंचित हिरवट. त्यामुळे एकाच कॅरटच्या दोन पाटल्या वेगळ्या रंगाच्या दिसल्या तरी त्यात फसवणूक असेलच असं नाही.

हॉलमार्कमध्ये आता तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) त्रिकोणी शिक्का, कॅरट आणि शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६), आणि अक्षरं व आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दुकानातच 'बीआयएस केअर' ॲप उघडून क्रमांक टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. बरेच जण फक्त शुद्धता पाहून फोन खिशात ठेवतात, पण प्रकार जरूर पाहा. हातात साखळी असेल आणि ॲपवर अंगठी दिसत असेल, तर तो शिक्का त्या साखळीचा नाही.

दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना हॉलमार्क सक्तीचा नाही. त्यामुळे चमकी, लहान कुड्या किंवा जडावाचा तन्मणी घेताना पावती हाच एकमेव पुरावा उरतो. तिच्यावर कॅरट, सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पावती नसेल तर तो हक्क बजावणं अवघड जातं.

वजनाचं एकक मोघम ठेवू नका. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या वेळच्या यादीत 'पाच तोळ्यांचे तोडे' असेल, तर हिशेब ५८ ग्रॅमच्या आसपास धरा.

जुन्या दागिन्यांवर 'केडीएम' लिहिलेलं आढळतं. त्याचा अर्थ कॅडमियमचा डाग, म्हणजे जोडकामासाठी सोन्यात कॅडमियम मिसळलेलं. त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असल्याने ही पद्धत मागे पडली. केडीएम ही शुद्धतेची खूण समजू नये.

पारख: कस, यंत्र आणि पाणी

कसोटीच्या दगडावर रेघ ओढून ॲसिड लावलं की फक्त वरच्या कातडीची माहिती मिळते. दुकानातलं एक्स-रे यंत्रही काही मायक्रॉनच आत पाहतं, जाड मुलामा असेल तर तेही चकतं. पक्का निकाल हवा असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात जा. तिथे सामान्य ग्राहकालाही दागिने तपासून मिळतात. २०२२ मध्ये ठरलेला दर चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असल्यास नगामागे ४५ रुपये असा होता.

घरी करण्याजोगी सर्वात भरवशाची चाचणी पाण्याची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल.

दागिना कोरडा तोला, समजा १५.०० ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दागिना बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळता धरा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे बाजूला सरलेलं पाणी. १५ ला त्याने भागा, म्हणजे धातूची घनता मिळते. ०.८५ दिसलं तर उत्तर १७.६ येतं. २२ कॅरटचं उत्तर १७.६ ते १८ मध्ये बसतं, १८ कॅरटचं १५ ते १६ मध्ये, पितळेचं साडेआठच्या आसपास. तोच दागिना पितळेचा असता तर काट्याने ०.८५ ऐवजी १.७६ दाखवलं असतं.

ही चाचणी कुठे फसते तेही माहीत हवं. नक्षीत अडकलेले हवेचे बुडबुडे उत्तर कमी दाखवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून दागिना हलवून घ्या. तीन ग्रॅमच्या अंगठीला ही रीत निरुपयोगी, कारण तिथे ०.०१ ची चूकही सहा टक्क्यांच्या घरात जाते. लाख भरलेल्या वाट्या, पोकळ गोठ, मोती किंवा खड्यांचे दागिने पाण्यात तोलू नका. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असल्याने ठोस बिस्किटाच्या आत ते भरलेलं असेल तर पाणी ते पकडत नाही. आणि लोहचुंबकाला चिकटत नाही म्हणून सोनं, हा समज सोडून द्या. तांबं, पितळ आणि चांदीही चुंबकाला चिकटत नाहीत.

चांदी

९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. पैंजण आणि जोडव्यांत हा आकडा पुष्कळदा बराच खाली असतो. चांदीच्या या शुद्धतेला सराफ्यात टंच म्हणतात. खरेदीच्या भावासोबत परत घेताना कोणता टंच धरणार, हे आधीच विचारून लिहून घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा अंशही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. ९२५ चांदीची घनता १०.३ च्या आसपास, जर्मन सिल्व्हरची साडेआठच्या थोडी वर, त्यामुळे पाण्याच्या चाचणीत फरक कळतो. घुंगरांचे पैंजण मात्र तोलू नका, आत हवा राहते.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. काळं पडणं हे भेसळीचं लक्षण नव्हे. साध्या चांदीसाठी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, एक लिटर गरम पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि वस्तू फॉइलला टेकेल अशी काही मिनिटं ठेवा. काळा थर पुन्हा चांदीत बदलतो, धातू झिजत नाही. पावडरीने घासलं की दर वेळी थोडी चांदी जाते. ऑक्सिडाइज्ड दागिन्याला ही रीत लावलीत तर मुद्दाम दिलेली काळी छटाच निघून जाईल.

सोन्याचं पाणी: थर किती, आणि त्याखाली काय

इथे, विशेषतः 'एक ग्रॅम' सोन्याचे म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांबद्दल, सर्वात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे हिशेबच मांडू. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन एवढा थर द्यायला १.९३ मिलिग्रॅम सोनं लागतं. सहा सेंटिमीटर व्यासाच्या, आठ मिलिमीटर रुंद बांगडीचा आतबाहेर मिळून पृष्ठभाग सुमारे ३० चौरस सेंटिमीटर. ०.१ मायक्रॉनच्या थराला तिच्यावर जेमतेम ६ मिलिग्रॅम सोनं बसतं, एका मायक्रॉनला ५८ मिलिग्रॅम. खरोखर एक ग्रॅम चढवायचं तर थर १७ मायक्रॉनचा हवा. एवढा जाड थर फॅशनच्या बांगडीवर कोणी देत नाही. 'एक ग्रॅम' हे विक्रीचं नाव आहे, वजनाची हमी नाही.

आमचा सल्ला असा. भाद्रपदात महालक्ष्म्यांना घालायच्या साजाला ०.१ मायक्रॉनही पुरतो, कारण झीज होतच नाही. कानातल्यांना अर्धा मायक्रॉन घ्या. अंगठी, मंगळसूत्र, रोजची बांगडी घासली जाते, तिथे चांदीवर २.५ मायक्रॉन मागा. चांदीवरच्या अशा जाड मुलाम्याला व्हर्मे म्हणतात. मुलामा गेला तरी खाली चांदीचं मोल उरतं. पितळेवरच्या दागिन्याला मोडीत सोन्याचा भाव मिळत नाही.

थराइतकंच महत्त्व त्याखालच्या तयारीला. चांगल्या कामात पितळेवरचं तेल काढतात, हलक्या ॲसिडने पृष्ठभाग उघडा करतात, मग तांब्याचा थर, त्यावर निकेल किंवा पॅलेडियम आणि शेवटी सोनं. मधला थर गाळला तर पितळेतलं तांबं आणि जस्त हळूहळू सोन्यात झिरपतं आणि दागिना न वापरताही डब्यात काळपट होतो. पापुद्रे सुटत असतील तर तेलकटपणा राहिला होता. फक्त सांध्यांवर काळे ठिपके येत असतील तर जोडकामाच्या डागातलं शिसं किंवा कथील नीट झाकलं गेलेलं नाही. कानाला खाज आणि पुरळ आलं तर बहुधा निकेल, तेव्हा पॅलेडियमचा थर किंवा सरळ चांदीच्या काड्या घ्या. त्वचेवर हिरवट डाग पडले तर थर झिजून तांबं घामाला लागलं आहे.

पांढऱ्या सोन्याची चकाकीही पुष्कळदा ऱ्होडियमच्या पातळ थराची असते. अंगठीची खालची बाजू वर्ष-दोन वर्षांत पिवळसर दिसू लागली तर घाबरू नका, थर पुन्हा देता येतो. प्लॅटिनम मुळातच पांढरं असल्याने त्याला याची गरज नसते.

घरी मुलामा देण्याचे प्रयोग करू नका. सोन्याच्या बहुतेक द्रावणांत सायनाइड असतं आणि त्यात ॲसिड मिसळलं तर प्राणघातक वायू सुटतो.

वापर आणि पुन्हा मुलामा

अत्तर, पावडर, क्रीम आधी, दागिना नंतर. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो, त्याने खरं सोनंही पांढरं पडतं. असा दागिना गॅसवर तापवू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. सोनाराला कारण सांगून द्या. मुलाम्याच्या दागिन्याला टूथपेस्ट किंवा रांगोळी लावून घासू नका. मऊ ओलं कापड, मग कोरडं कापड, आणि प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

पुन्हा मुलामा द्यायला नेताना जुना थर उतरवून द्यायला सांगा. सुटलेल्या थरावर नवा दिला तर तोही सुटतो. नथीचे मोती आणि चिकटवलेले खडे आधी काढायला लावा. ॲसिड मोत्यांची झळाळी खातं आणि गरम द्रावणात गोंद सैल होतो. दारावर येऊन दागिने उजळून देणाऱ्यांना मात्र काहीही देऊ नका. त्यांच्या भांड्यातल्या आम्लात तुमचं सोनं विरघळतं, दागिना चकचकीत होऊन परत येतो आणि वजन घटलेलं असतं. पॉलिशला द्यायचंच तर दुकानात, आपल्यासमोर आधी आणि नंतर तोलून द्या.