मैदान मोजायला टेपवाले आले की काय करायचं

पुण्यात शिकायला असलेल्या भाच्याने दिवाळीत आमच्या कॉलनीच्या मैदानात डिस्क गोल्फ लावलं, म्हणजे काय तर भंगारातला पाइप, वर सायकलच्या चेनी लटकवलेल्या, खाली लोखंडी टोपलं, आणि लांबून चकती फेकत फेकत कमीत कमी फेकीत त्यात घालायची. अमेरिकेत १९७५ पासून सार्वजनिक पार्कात असे कोर्स आहेत म्हणे. लेकरं रोज उन्हं कलली की खेळायलीत. अन एके दिवशी दोघंजण टेप घेऊन आले, म्हणाले काही नाही, रिकामी जागा आहे ना ही.

रिकामी जागा हा शब्द कानावर आला की समजायचं, मैदान दुसऱ्या कामाला द्यायची फाइल हललीय.

आमचं चुकलं ते असं की आम्ही आधी मोर्चा काढला, निवेदन दिलं, फोटो पेपरात आला, सगळे खूश. हरकती मागवणारी सरकारी नोटीस पेपरात येऊन तीन आठवडे झालेत हे नंतर कळलं.

तर पहिलं काम कागद. गावात सातबारा, शहरात पीआर कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक, आणि नगररचना विभागातून मंजूर लेआउट अन झोन दाखला, म्हणजे जागा कशासाठी ठेवलीय त्याचा कागद. एक एकराहून मोठ्या लेआउटमध्ये साधारण १० टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते, तुमचं मैदान ते आहे का बघा. की विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आरक्षण आहे? आरक्षण असून जमीन खासगी असेल तर जास्त सावध राहा, कारण एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही तर आरक्षण आपोआप उडतं. कुणी काही न करता मैदान जातं, हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे बघा.

माहिती अधिकार टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "का" विचारू नका, कागदाची प्रत मागा. पण उत्तराला ३० दिवस, अन पालिकेला आरक्षण बदलायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली हरकतीची मुदतही महिनाभरच, म्हणून माहितीची वाट बघत बसलात तर खेळ खलास. हरकत आधी.

नोटीस शोधायची ती पेपरच्या आतल्या पानावर, टेंडर आणि हरवलेल्या मार्कशीटच्या मध्ये. तिथं मैदान असं लिहिलेलं नसतं, "स.नं. अमुक पैकी" असतं, म्हणून सर्व्हे नंबर पाठ करून ठेवा.

हरकत ज्याची त्याने द्या. आमचा दोनशे सह्यांचा अर्ज एकच हरकत म्हणून नोंदला गेला राव! मग परत घरोघर फिरलो. पर्यावरण वगैरे मोठमोठं लिहू नका, मैदान कोण वापरतं ते लिहा: पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं पळतात, सातला म्हातारी माणसं, संध्याकाळी लेकरं, तारखेसकट फोटो जोडा. शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य पाहिजेच. आणि झेरॉक्सवर आवक नंबर, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणले तर स्पीड पोस्टने टाका, पावती जपा.

तरी ऐकलंच नाही तर हायकोर्टाचं संभाजीनगरचं खंडपीठ आहे. वकिलाला १९९१ चा बेंगळुरूचा मुद्दप्पा निकाल दाखवा, तिथं पार्कची जागा खासगी हॉस्पिटलला दिलेली सुप्रीम कोर्टाने टिकू दिली नाही, आणि आजूबाजूच्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे असंही सांगितलं.

सुनावणीला जाताना कागदांचे तीन सेट न्या, एक त्यांना, एक आपल्याला, आणि तिसरा कारण पहिला सेट तिथंच कुठंतरी हरवतो.