नकाशातून गेलेलं क्वांग नाम कसं पाहावं

व्हिएतनामला निघालेले माझे जुने विद्यार्थी हल्ली फोन करतात, "सर, क्वांग नाम प्रांत नकाशात सापडत नाही." सापडणारच नाही. १ जुलै २०२५ पासून तो दा नांग शहरात विलीन झालाय. देशातले ६३ प्रांत ३४ वर आले आणि जिल्हा ही पायरीच गेली. म्हणून आधी वहीत जुना आणि नवा, दोन्ही पत्ते लिहून घ्या. आमच्या हॉटेलच्या कागदावर क्वांग नाम होतं, फोनवर दा नांग. बायको म्हणाली, "दोन ठिकाणी पैसे भरलेत की काय?"

तिथे हे नवीन नाही. १४७१ मध्ये राजा ले थान्ह तोंगने चंपा राज्याची राजधानी विजया जिंकली आणि या मुलखाला क्वांग नाम म्हटलं. 'नाम' म्हणजे दक्षिण. १९६२ मध्ये त्यातून क्वांग तिन वेगळा निघाला, युद्धानंतर दा नांगसकट सगळे एकत्र, १९९७ मध्ये पुन्हा वाटणी. आता परत एक चूल.

सीमा अशा हलत असल्या, तरी थू बोन नदी जागची हललेली नाही. तिचाच धागा धरा.

पण सुरुवात दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात करा. 'मी सन' म्हणजे चंपाच्या चाम राजांनी बांधलेला देवळांचा समूह; त्याची उत्तमोत्तम शिल्पं तिथे आहेत. ती न बघता गेलात तर रिकामे गाभारे बघून याल. दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. 'मी सन' दा नांगहून साधारण ७० किलोमीटर, होई आन या जुन्या बंदराच्या गावाहून ४०. डोंगरांनी वेढलेली खोलगट जागा आहे, दहानंतर भट्टी होते.

चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे लिंग स्थापलं, नाव भद्रेश्वर. ते देऊळ जळालं; शंभुवर्मनने पुन्हा बांधलं आणि देव शंभुभद्रेश्वर झाला. संस्कृत शिलालेख आहेत, शाळुंका आहेत, पण पूजा चालत नाही. बाटलीतलं पाणी ओतू नका. भिंतीजवळ वाका. दोन विटांमध्ये नखही शिरत नाही, चुना दिसत नाही. दुरुस्तीच्या विटा शेवाळलेल्या, हजार वर्षांच्या लालबुंद. त्या कशाने चिकटवल्या, यावर अजून वाद आहे. 'ए' गटातल्या देवळांपैकी सगळ्यात देखणा 'ए १' मनोरा १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात गेला. त्याच गटात आपलं पुरातत्त्व सर्वेक्षण २०१७ पासून काम करत होतं. २०२० मध्ये त्यांना 'ए १०' मध्ये अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं.

परतताना त्रा किऊला थांबा. ही चंपाची सिंहपुर राजधानी. आज टेकडीवर चर्च आहे. दहा मिनिटं पुरेत.

मग नदीमुखाशी होई आन. जपानी पुलापुढे रांग लावण्याआधी खिशातली २०,००० डोंगची नोट काढा, पूल तिच्यावर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन गल्ल्यांत शिरते, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल गाठा.

खायला 'मी क्वांग' हा इथला पदार्थ: रुंद शेवया, तळाशी जेमतेम रस्सा, वर शेंगदाणे आणि तिळाचा कुरकुरीत पापड. शाकाहारी हवं असेल तर 'चाय' म्हणायचं. मी चहाच्या तलफेने "चाय, चाय" करत बसलो आणि बाईंनी टोफू घातलेला वाडगा समोर ठेवला. चहाला 'त्रा' म्हणतात.