कागदाचे इंग्रजी शब्द कागद हातात घेऊनच शिका

मराठीत ‘पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र, परीक्षेचा पेपर आणि कोरा कागदसुद्धा. इंग्रजीत कोरे कागद मागताना मात्र ‘टू पेपर्स’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला वर्तमानपत्रं किंवा कागदपत्रं वाटतील. ‘टू शीट्स ऑफ पेपर’ म्हणा. शीटमधला ‘ई’ चांगला लांबवा. आखूड पडला तर घाणेरडा शब्द होतो. माझ्या स्टेशनरीच्या दुकानात मुलाखतीला निघालेली मुलं येतात, त्यांना मी हे हटकून सांगते आणि तिथल्या तिथे मोठ्याने म्हणायला लावते.

घरी एक रद्दीतला कागद घ्या. घडी घाला, म्हणा ‘फोल्ड’. उलगडल्यावर मधे राहते ती रेघ ‘क्रीस’. क्रिकेटमध्ये आपण क्रीझ म्हणतो तोच हा शब्द, पण शेवटी स्वच्छ ‘स’. चुरगळा, ‘क्रम्पल’. फाडा, ‘टेअर’. अश्रूला इंग्रजीत हीच अक्षरं लिहितात, उच्चार तेवढा ‘टिअर’. फाडला म्हणजे ‘टोर’, फाटका कागद म्हणजे ‘टॉर्न पेपर’. हात चालत असताना जीभही चालली की शब्द पक्का बसतो; नुसती यादी घोकून तो आठवड्यात उडतो.

पाकिटाशी जपून. पत्राच्या पाकिटाला ‘पॅकेट’ म्हणालात तर समोरचा बिस्किटाचा पुडा समजेल. शब्द आहे ‘एन्व्हलोप’, जोर पहिल्या ‘एन’वर. पावती म्हणजे ‘रिसीट’. लिहिताना त्यात ‘पी’ येतो, बोलताना येत नाही. ‘रिसिप्ट’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, तुम्ही म्हणू नका.

आखीव कागद ‘रूल्ड’, कोरा ‘ब्लँक’ किंवा ‘प्लेन’. आपण सर्रास म्हणतो ते फुलस्केप मुळात ‘फूल्सकॅप’, म्हणजे विदूषकाची टोपी. जुन्या युरोपी कागदावर त्या टोपीचा जलचिन्हाचा छाप असायचा, त्यावरून आकाराला नाव पडलं. ‘फुल’शी, म्हणजे पूर्णाशी, त्याचा काही संबंध नाही.

दस्ता म्हणजे ‘क्वायर’. पूर्वी 24 कागदांचा दस्ता आणि 20 दस्त्यांचं रीम, म्हणजे 480 कागद. आता रीम 500चं. ‘जीएसएम’ म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा, असे 16 कागद मिळून एक चौरस मीटर भरतो. म्हणून 75 जीएसएमचं रीम साधारण 2 किलो 340 ग्रॅम भरतं. हातात घेतल्यावर फारच हलकं लागलं तर वेष्टनावरचा आकडा वाचा.

दुकानात मागायचं ते असं: ‘वन रीम ऑफ ए-फोर, सेव्हन्टी-फाइव्ह जीएसएम, अँड अ रिसीट, प्लीज.’